तुटलेला एक्सल भंगारात टाकू नका

नगरहून (आता अहिल्यानगर) करंजी घाट मागे टाकून पाथर्डीकडे निघाले की वाटेत तिसगाव लागते. मागे तेथे जाण्याचा योग आला तेव्हा आमच्या ओळखीच्या एका चाचांच्या वर्कशॉपमध्ये आम्ही तासभर बसलो होतो. एक लेथ, दोन वेल्डिंग मशीन, एक ड्रिल आणि अंगणात उलटी घातलेली उसाची ट्रॉली, एवढाच पसारा. चाचांच्या धाकट्या मुलाने मेकॅनिकलची बी.ई. पदवी चांगल्या गुणांनी मिळवली आहे. त्याला पुढे एम.टेक. करायचे आहे आणि जमल्यास पीएच.डी.देखील. चाचांना ते पटत नाही. चहाचा कप हातात देता देता त्यांनी आम्हाला सरळ विचारले, "भाईसाहेब, तुम्हीच सांगा, पीएच.डी. करून कोणता नट घट्ट होणार आहे?"

मुलगा मान खाली घालून उभा होता. आम्ही त्या वेळी हसून विषय बदलला. पण घाट चढून परत येताना तो प्रश्न काही डोक्यातून जाईना. प्रश्न एका घराचा नाही. आपल्या समाजात गॅरेज, लेथ, वेल्डिंग, रेडिएटर, बॉडी बांधणी यांवर पोट असलेली कुटुंबे गावोगाव आहेत. त्यांची मुले आता पदविका आणि पदवीपर्यंत पोहोचली आहेत. पुढची पायरी चढायची की दुकानात बसायचे, हा निर्णय त्यांच्या घराघरांत आज होतो आहे. म्हणून या पानावर त्याचा विचार व्हायला हवा.

चाचांचे म्हणणे खोटे नाही

आधी चाचांची बाजू. एम.टेक.ला दोन वर्षे लागतात. पीएच.डी.ला, विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार, किमान तीन आणि साधारणपणे कमाल सहा वर्षे. म्हणजे बावीस वर्षांचा मुलगा हाती पदवी घेऊन बाहेर पडेल तेव्हा तिशीच्या आसपास असेल. तेवढ्या काळात दुकानात बसलेला त्याचा मित्र स्वतःची दोन मशीन घेऊन बसलेला असतो, घरात सूनही आलेली असते. बापाच्या पाठीला आणि डोळ्यांना वेल्डिंगचा ताण झेपेनासा होतो, तो वेगळाच.

दुसरी गोष्ट अशी की पुष्कळ मुले ही पदवी केवळ प्राध्यापकाची नोकरी मिळावी म्हणून घेतात. खासगी महाविद्यालयांची अवस्था काय आहे, हे त्यांत शिकवणाऱ्यांना विचारावे. मधल्या काळात यंत्र अभियांत्रिकीच्या जागा अनेक ठिकाणी रिकाम्या राहिल्या आणि पगार तुटपुंजे झाले. नावामागे 'डॉ.' लागावे एवढ्याच हौसेने कोणी हा रस्ता धरणार असेल, तर आमचेही मत चाचांच्याच बाजूने पडेल. पैसे घेऊन प्रबंध लिहून देणारे आणि पैसे घेऊन लेख छापणारे यांचा बाजार याच हौसेवर चालतो. तेथून आणलेल्या पदवीने खरोखरच एकही नट घट्ट होत नाही.

मग आम्ही हा लेख का लिहितो आहोत? चाचांनीच बोलता बोलता सांगितलेल्या एका गोष्टीमुळे.

सांध्याच्या शेजारी

अंगणातल्या त्या ट्रॉलीचा एक्सल तुटला होता. गाळपाच्या हंगामात अशी कामे सारखी येतात, असे चाचा म्हणाले. ट्रॉलीत ऊस सांगितल्यापेक्षा जास्त भरलेला असतो, रस्ता खड्ड्यांचा असतो. मग त्यांनी तुटलेल्या जागेवर बोट ठेवून म्हटले, "हे बघा, माझा सांधा शाबूत आहे. तुटलंय ते सांध्याच्या शेजारी. नेहमी शेजारीच तुटतं. आणि पावसाळ्यात रॉड ओलसर असला की हमखास."

चाळीस वर्षे हातात होल्डर धरलेल्या कारागिराचे हे निरीक्षण आहे आणि ते अचूक आहे. वेल्डिंग करताना सांध्यालगतचे लोखंड वितळत नाही, पण लाल होते, आणि भोवतालच्या थंड लोखंडामुळे झपाट्याने निवते. एक्सलच्या पोलादात कार्बनचे प्रमाण साध्या पत्र्यापेक्षा जास्त असते. असे पोलाद एकदम निवले की कडक होते, पण त्याबरोबर ठिसूळही होते. त्यातच रॉड ओला असेल तर त्या पाण्यातून हायड्रोजन सुटतो आणि नेमक्या त्या ठिसूळ पट्ट्यात शिरतो. काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, तेथे केसासारखी चीर पडते. ती डोळ्याला दिसत नाही. पुढे प्रत्येक खड्ड्यागणिक ती कणाकणाने वाढते आणि एके दिवशी भर रस्त्यात एक्सल तुटतो. ट्रॉली कलंडली तर जे होते ते आपण सर्वांनी पाहिले आहे. अनेकदा त्याच उसावर मजूर बसलेले असतात. पाथर्डी तालुका ऊसतोड मजुरांचा तालुका आहे, त्यामुळे तिसगावच्या लोकांना हे आम्ही वेगळे सांगायला नको.

हे शास्त्र पुस्तकांत आहे. जाड पोलाद आधी तापवून घ्यावे, हायड्रोजन कमी सोडणारा रॉड वापरावा, तो भट्टीत साधारण तीनशे अंशांच्या आसपास वाळवून घ्यावा, केवळ उन्हात ठेवून भागत नाही, असे पुस्तक सांगते. परंतु पुस्तकातील एक्सल नवा असतो आणि त्याचे पोलाद कोणते, ते कागदावर लिहिलेले असते. चाचांच्या अंगणातील एक्सल जुन्या मालमोटारीच्या भंगारातून आलेला असतो. त्याचे पोलाद कोणते, हे कोणालाच ठाऊक नसते. तो किती तापवायचा? भट्टी नसलेल्या दुकानदाराने रॉड कसा वाळवायचा? भरलेल्या ट्रॉलीखाली तो किती हंगाम टिकेल? या प्रश्नांचे तयार उत्तर कोणी चाचांच्या हातात आणून दिलेले नाही.

वाचकहो, यंत्र अभियांत्रिकीतील संशोधन म्हणजे नेमके हेच. तोवर न सुटलेला एक प्रश्न घ्यायचा. आधी त्यावर जगात काय काम झाले आहे, ते वाचायचे. मग तुकडे कापायचे, घासायचे, सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे. एक तुकडा तापवून जोडायचा, एक न तापवता. दोन्हींना यंत्रावर लाखो वेळा ताण द्यायचा आणि कोणता कधी तुटतो याची नोंद ठेवायची. आणि शेवटी जे सापडले ते असे लिहायचे की अनोळखी माणसालाही ते पडताळून पाहता येईल. चाचांना जे हाताने कळले आहे, ते मुलाने आकड्यांत मांडायचे आहे. चाचांचा प्रश्न नटाचा होता. या संशोधनाने नट घट्ट होणार नाही, पण एक्सल तुटायचा थांबू शकतो.

न लिहिलेली विद्या

नगरच्या मातीत ओतकामाचा केवढा हुनर होता, हे विजापूरला जाऊन पाहावे. तेथील शेरझा बुरुजावरची मुलूख मैदान तोफ १५४९ साली अहमदनगरात ओतली गेली. तांबे आणि कथील यांच्या मिश्रणाची, सुमारे ५५ टन वजनाची. मुहम्मद बिन हसन रूमी या उस्तादाचे नाव तोफेवरील लेखात कोरलेले आहे. इतका मोठा रस एकाच वेळी वितळवून साच्यात सोडणे ही आजच्या कारखान्यालाही कसोटीची गोष्ट आहे. नाव टिकले, तोफ टिकली. पण ती विद्या नगरमध्ये पिढ्यान्पिढ्या वाढत गेली नाही. उस्तादाचे ज्ञान हातात राहिले, तर ते हाताबरोबर जाते. आपल्या वर्कशॉपांत आज हेच चालू आहे. उस्ताद जातो, शागीर्द पुन्हा पहिल्यापासून चुका करीत शिकतो.

याउलट, शिक्षण दुकानाशी जोडले गेले की काय होते, याचीही उदाहरणे आपल्याच मुलखात आहेत. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी नांगर आणि चरक बनवत १९१० साली किर्लोस्करवाडी वसवली. त्यांनी आपला मुलगा शंतनुराव यांना यंत्र अभियांत्रिकी शिकायला अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत पाठवले. १९२६ साली पदवी घेऊन शंतनुराव परतले ते बापाच्याच कारखान्यात. पुढे त्या घराण्याने शेतकऱ्याच्या विहिरीवर डिझेल इंजिन पोहोचवले.

संशोधन पदवीचे उदाहरण हवे असेल तर सातारा जिल्ह्यातील फलटण पाहावे. डॉ. अनिल राजवंशी यांनी कानपूरच्या आयआयटीनंतर अमेरिकेतील फ्लोरिडा विद्यापीठातून यंत्र अभियांत्रिकीत पीएच.डी. मिळवली आणि १९८१ साली ते फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत आले. उसाचे पाचट आणि बगॅस यांपासून जाळण्याजोगा वायू, खेड्यातील घरासाठी कंदील आणि शेगडी, विजेवर चालणारी सायकल रिक्षा, असे त्यांचे विषय. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. अमेरिकेत राहून त्यांना कदाचित जास्त पैसा मिळाला असता. पण त्यांनी पदवीसाठी प्रश्न शोधला तो गावातल्या चुलीजवळ.

रस्ता कसा, खर्च किती

आता व्यवहाराचे बोलू. 'गेट' परीक्षा उत्तीर्ण होऊन मान्यताप्राप्त संस्थेत पूर्णवेळ एम.टेक.ला प्रवेश मिळाला, तर दरमहा १२,४०० रुपये विद्यावेतन मिळते. दोन वर्षांचे ते २,९७,६०० रुपये होतात. 'गेट'शिवाय खासगी महाविद्यालयात प्रवेश घेतला, तर उलट घरातूनच फी भरावी लागते. म्हणून पहिला सल्ला हा की वर्षभर कसून 'गेट'ची तयारी करावी. पीएच.डी.साठी केंद्राच्या संशोधनवृत्तीचा दर २०२३ पासून पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० आणि त्यानंतर ४२,००० रुपये आहे. हा पैसा आपोआप मिळत नाही, त्यासाठी परीक्षा आणि मुलाखत यांतून जावे लागते. पण ज्याला मिळतो, त्याचा घरावर भार राहत नाही.

अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठी २००९ पासून चालू असलेली मौलाना आझाद राष्ट्रीय संशोधनवृत्ती केंद्र सरकारने २०२२-२३ पासून बंद केली. त्याचे दुःख आहेच. पण तेवढ्यावर आशा सोडून देण्याचे कारण नाही, वरचे मार्ग सर्वांना खुले आहेत.

२०२२ च्या नियमांत आणखी दोन गोष्टी आपल्या कामाच्या आहेत. चार वर्षांच्या पदवीला किमान ७५ टक्के गुण असतील, तर एम.टेक. न करताही पीएच.डी.साठी अर्ज करता येतो. मात्र संस्थांच्या आपापल्या अटी असतात, त्या आधी पाहाव्यात. आणि नोकरी करीत अर्धवेळ पीएच.डी. करण्यासही मान्यता आहे, त्यासाठी मालकाचे ना हरकत पत्र लागते. मार्गदर्शक निवडताना त्यांच्याकडे जागा आहे का, हे विचारावे. एका प्राध्यापकाला एका वेळी आठपर्यंतच संशोधक घेता येतात, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चार. संस्थेच्या इमारतीपेक्षा हे पाहावे की त्या मार्गदर्शकाच्या हाताखालून किती जण काम पूर्ण करून बाहेर पडले आणि प्रयोगशाळेतील यंत्रे चालू आहेत की धूळ खात आहेत.

आपल्या जिल्ह्यात लोणी, संगमनेर, कोपरगाव, विळद घाट येथे अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत. राहुरीच्या कृषी विद्यापीठात कृषी अभियांत्रिकीचे महाविद्यालय आहे. नगरला लष्करी वाहनांवर काम करणारी व्हीआरडीई ही संशोधन संस्था आहे. तिसगावच्या मुलाने हे सर्व दूरचे समजू नये.

मालकांना आमची विनंती

सर्वांनीच पीएच.डी. करावी, असे आमचे म्हणणे नाही. शंभरातल्या एकाने केली तरी पुरे. पण तो एक आपल्या दुकानातला प्रश्न घेऊन जावा, बाजारातून विकत आणलेला विषय घेऊन नव्हे. आणि त्या एकाच्या पाठीशी बाकीच्यांनी उभे राहावे. तिसगाव, करंजी, पाथर्डी येथील चार वर्कशॉपवाल्यांनी मिळून त्याला सुट्टीत काम द्यावे, तुकडे कापून द्यावेत, तपासणीच्या खर्चाला थोडा हातभार लावावा. त्याने सापडलेले उत्तर मराठीत, एका पानावर, दुकानाच्या भिंतीला लावता येईल असे लिहून द्यावे. हा व्यवहार दोन्ही बाजूंना परवडणारा आहे.

चाचांना आम्ही त्या दिवशी उत्तर दिले नव्हते, ते आता देतो. चाचा, मुलाला जाऊ द्या, पण एका अटीवर. पहिल्या वर्षाच्या आतच त्याने तुम्हाला सांगावे की तो नेमका कोणता प्रश्न सोडवतो आहे, आणि तो तुम्हाला समजेल अशा भाषेत सांगावा. सांगता आला नाही, तर त्याला परत बोलावून लेथवर उभे करा, आम्ही काही म्हणणार नाही.

आणि तोपर्यंत एक काम तुम्ही करा. आजपासून तुटून आलेला एक्सल लगेच भंगारवाल्याला देऊ नका. तुटलेल्या जागेचा वीतभर तुकडा कापून ठेवा. त्यावर खडूने नव्हे, ऑइल पेंटने तारीख लिहा. ट्रॉलीत किती टन ऊस होता, सांधा कधी मारला होता, कोणता रॉड वापरला होता, हे वहीत उतरवा. एका हंगामात असे वीस-पंचवीस तुकडे जमले, तरी मुलाच्या संशोधनाची सुरुवात तुमच्याच हातून झालेली असेल.