डिकीतील माल आणि हातातील स्टिअरिंग

इचलकरंजीतील एका कापड व्यापाऱ्याच्या घरी लग्नकार्याची तयारी चालली होती. आमंत्रणासाठी पुण्यास जायचे होते आणि त्याच फेरीत लक्ष्मी रस्त्यावरील दोन दुकानांना थानेही पोहोचवायची होती. एका फेरीत दोन कामे उरकणे, हा हिशेब व्यापाऱ्याच्या घरात कोणास शिकवावा लागत नाही. सेडानची डिकी प्रशस्त. तीत आठ थाने बसली. मागच्या आसनावर आई, सूनबाई आणि नात; पुढे मुलगा; आणि स्टिअरिंगवर, नेहमीप्रमाणे, सत्तरी गाठलेले अण्णा.

खंबाटकीचा जुना बोगदा संपला की पुण्याच्या दिशेने उतार लागतो आणि त्या उतारावरच इंग्रजी ‘एस’ अक्षरासारखे दुहेरी वळण येते. अनेक अपघातांमुळे हे वळण कुप्रसिद्ध आहे. अण्णा तेथून शेकडो वेळा गेले होते. या वेळी मात्र पहिल्या वळणात गाडीचे तोंड हवे तितके वळेना. अण्णांनी स्टिअरिंग आणखी फिरविले, आणि दचकून ब्रेक दाबला. त्यासरशी गाडीची मागची बाजू बाहेर फेकली गेली. शेजारून उतरणाऱ्या मालट्रकचे चाक सूनबाईंच्या खिडकीपासून हातभर अंतरावर आले आणि निघून गेले. गाडी सावरली. शिरवळपर्यंत कोणी बोलले नाही.

तेथे गाडी थांबल्यावर मुलगा हलकेच म्हणाला, “अण्णा, पुढे मी घेऊ का?”

“गाडीत दोष आहे,” अण्णा म्हणाले. “स्टिअरिंग दाखवून घ्यायला हवं.”

पुण्यातील गॅरेजमध्ये स्टिअरिंगची तपासणी झाली; दोष सापडला नाही. मिस्त्रीने मागच्या टायरांतील हवा मोजली, डिकी उघडली आणि विचारले, “हे सगळं घेऊन आलात?”

अण्णांचा हात घडला होता प्रीमिअर पद्मिनीवर, जिला त्या पिढीने अखेरपर्यंत ‘फियाट’ म्हटले. तिच्या स्टिअरिंगला कोणतीही यांत्रिक मदत नव्हती. उभी गाडी वळविताना खांदे भरून येत. पण रस्त्याचा खडबडीतपणा, टायरांवरील ताण, सारे काही तळहातास कळे. पुढे इंजिनावर चालणाऱ्या पंपाच्या आणि तेलाच्या दाबाने साह्य करणारे पॉवर स्टिअरिंग आले. आजच्या बहुतेक कौटुंबिक सेडानमध्ये हे काम विजेची मोटर करते. चालकाने किती जोर लावला हे एक संवेदक मोजतो, गाडीचा वेग किती आहे हे संगणक पाहतो, आणि त्यानुसार मोटर हातभार लावते: उभ्या गाडीत भरपूर, महामार्गाच्या वेगात बेताचा. ही सोय खरोखर मोठी आहे. पेठेतल्या बोळात गाडी लावताना खांदेदुखीचा माणूस तिला दुवाच देईल. शिवाय मोटर वीज घेते ती मुख्यतः वळविताना, त्यामुळे इंधनही थोडे वाचते. मात्र हातास जाणवणारा जडपणा आता मोठ्या अंशी संगणकाने ठरविलेला असतो. टायर पकड सोडू लागला तरी हातास त्याची वर्दी पूर्वीइतकी स्पष्ट मिळत नाही. अण्णा त्या जुन्या वर्दीची वाट पाहत राहिले.

आणि डिकीचे काय? एक थान सुमारे पंधरा किलोचे धरले तरी आठ थाने म्हणजे १२० किलो; म्हणजेच दोन प्रौढ माणसे, तीही मागच्या चाकांच्या पाठीमागे बसविलेली. दुकानात आलेला प्रत्येक गठ्ठा काट्यावर पुन्हा तोलून घेणाऱ्या घराने डिकीतील माल कधी तोललाच नव्हता. मागे ओझे वाढले की तरफेप्रमाणे पुढचा भाग किंचित उचलला जातो. वळविण्याचे काम पुढच्या चाकांचे, आणि त्यांच्यावरीलच भार कमी होतो. म्हणून गाडी वळण्यास आळस करते. उलट जड झालेली मागची बाजू एकदा झुकली की लवकर थांबत नाही. वळणाच्या मधोमध ब्रेक दाबल्यास भार एकाएकी पुढे सरकतो आणि मागच्या टायरांची पकड नेमकी त्या क्षणी ढिली होते. त्यात मागच्या टायरांत हवा नेहमीच्या एकट्या फेरीपुरती होती आणि ते टायर आठ वर्षांचे होते. नक्षी पुरेशी खोल होती, कायद्याने लागणाऱ्या १.६ मिलिमीटरपेक्षा पुष्कळच. परंतु रबर वयानेही कडक होते. टायरच्या बाजूवर कोरलेले चार आकडे, उदाहरणार्थ २६१६, म्हणजे २०१६ सालचा सव्विसावा आठवडा. धान्याच्या पोत्यावरील तारीख वाचणारे डोळे ही तारीख सहसा वाचत नाहीत.

मिस्त्रीने चालकाच्या दाराच्या चौकटीवरील पट्टी दाखविली. रिकाम्या गाडीसाठी हवेचा एक आकडा, भरलेल्या गाडीसाठी मागच्या चाकांना निराळा. आणि मोजायचा तो सकाळी, टायर थंड असताना. दिव्यांचा झोत खाली करणारे छोटे चक्रही दाखविले. मागे ओझे असले की झोत वर उचलला जाऊन समोरच्याचे डोळे दिपतात, त्यासाठी ते असते. गाडी घेतल्यापासून त्यास कोणी हात लावला नव्हता.

वेगाची गोष्ट मुलाने सांगितली. त्याच वळणावर ताशी ४० ऐवजी ८० किलोमीटर वेग असेल, तर टायरांवर दुप्पट नव्हे, चौपट पकडीची मागणी येते. म्हणून वेग उतरवायचा तो वळणाआधी, गाडी सरळ असताना. तरीही अचानक अडथळा आलाच तर? एप्रिल २०१९ पासून नव्या मोटारींत एबीएस अनिवार्य आहे. ब्रेक पूर्ण दाबल्यावर पायाखाली थरथर जाणवते. पुष्कळ जण ती बिघाड समजून पाय उचलतात. वास्तविक पाय तसाच ठेवून गाडी मोकळ्या बाजूस वळवावी, यासाठीच ती व्यवस्था आहे.

अण्णांनी सारे ऐकून घेतले. चूक कबूल करण्याचा त्यांचा स्वभाव नाही. मागचे दोन टायर मात्र त्याच दिवशी बदलले गेले, आणि हवा मोजण्याचे यंत्र घरी आले.

पुढच्या महिन्यात पुन्हा पुण्यास जाण्याचा योग आला. थाने आदल्या दिवशीच ट्रान्सपोर्टने रवाना झाली. पहाटे अंगणात अण्णा चष्मा लावून चारही टायरांपाशी वाकले, आकडे नातीने वहीत लिहिले. साताऱ्यापर्यंत मुलाने गाडी चालविली; तेथून अण्णांनी किल्ली मागितली आणि मुलाने ती दिली. बोगद्यातून बाहेर पडताच त्यांनी वेग इतका लवकर उतरविला की मागच्या मोटारीने हॉर्नचा सपाटा लावला. अण्णांनी खिडकीतून हात बाहेर काढून तिला पुढे जाण्याची खूण केली.