रागावर ताबा कुणी ठेवायचा?



सध्या शाळाशाळांतून एक शब्द फिरतो आहे : भावनिक बुद्धिमत्ता. डॅनियल गोलमन या अमेरिकन लेखकाच्या १९९५ च्या पुस्तकानं तो जगभर नेला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं सामाजिक-भावनिक शिक्षणाची भाषा आणली, २०२४ मध्ये महाराष्ट्रात 'आनंददायी शनिवार' आला. मुलांनी श्वास मोजावा, ताण हाताळावा, राग ओळखावा, समोरच्याशी नीट बोलावं. यात वाईट काहीच नाही. आपल्या पोरांनाही ते हवंच आहे. पण राग आला कशामुळे, हे त्या तासाला कोण विचारतं?

७ नोव्हेंबर १९०० रोजी भिवा साताऱ्याच्या शाळेत दाखल झाला. आज तो दिवस राज्यात 'विद्यार्थी दिवस' म्हणून साजरा होतो. हार घातले जातात, भाषणं होतात. पण शाळेत काय चालायचं, ते बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. बसायला घरून आणलेलं गोणपाट. तेही रोज घरी न्यायचं, कारण शाळा झाडणारा नोकर त्याला शिवणार नाही. नळाला हात लावायचा नाही. शिपायानं तोटी सोडली तर पाणी, शिपाई नसेल तर तहानलेलं राहायचं. त्या पोराला आजचा तास मिळाला असता तर काय शिकवलं असतं? दीर्घ श्वास घे? सकारात्मक विचार कर? खरी गरज होती ती बाकीच्या वर्गाला, त्या नोकराला आणि रोज हे बघून गप्प बसणाऱ्या मास्तरांना.

आता आपल्या आटपाडीकडे या. १९२१ साली इथेच शंकरराव खरात जन्मले. बाप गावचा तराळ. तेव्हा आटपाडी औंध संस्थानात होती. तराळाचा हा पोरगा मराठवाडा विद्यापीठाचा कुलगुरू झाला, १९८४ ला जळगावच्या साहित्य संमेलनाचा अध्यक्ष झाला. आपण हे अभिमानानं सांगतो आणि सांगायलाच हवं. पण 'तराळ-अंतराळ' न वाचलेला माणूस त्यातून काय उचलतो? "बघा, जिद्द असली की सगळं जमतं!" म्हणजे बदलायचं ते पुन्हा तराळाच्या पोरानंच. गावानं आहे तसंच राहायचं.

गाव तसंच राहिलं की काय होतं, ते खर्ड्यानं दाखवलं. एप्रिल २०१४ मध्ये जामखेड तालुक्यातल्या या गावात, शाळेत शिकणाऱ्या सतरा वर्षांच्या आपल्या पोराचा खून झाला. वरच्या जातीच्या मुलीशी बोलला, एवढंच निमित्त. शाळेतूनच त्याला मारहाण करत नेल्याचा आरोप होता. २०१७ मध्ये साक्षीदार फिरले आणि आरोपी सुटले. आता सांगा, सामाजिक कौशल्य कुणाकडे कमी पडलं? बोलणाऱ्या पोराकडे, की पाहून, ऐकूनही कोर्टात तोंड न उघडणाऱ्यांकडे?

यावर हमखास उत्तर येतं, "शाळेत जात आणू नका, लेकरं निरागस असतात." जात आम्ही आणतो का? "शिष्यवृत्तीवाले उभे राहा" असं भरवर्गात पुकारलं जातं, तेव्हा जात कोण आणतं? आडनाव ऐकून बाक ठरतो, झाडू कुणाच्या हातात द्यायचा ते ठरतं, तेव्हा? निरागस लेकरू हे सगळं बघून शिकत असतं. सगळ्यात पक्का भावनिक अभ्यासक्रम तोच.

माणूस उपदेशानं कमी आणि व्यवस्थेनं जास्त बदलतो, याचा पुरावा आटपाडीच्याच मातीत आहे. १९३९ साली औंध संस्थानात, आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही खुली वसाहत उभी राहिली. कैद्यांना भिंतीशिवाय ठेवलं, शेती दिली, विश्वास दिला. व्ही. शांताराम यांचा 'दो आँखें बारह हाथ' (१९५७) याच प्रयोगावरून सुचला. कैद्याची भिंत पाडता येते, मग वर्गातली पाडायला अडचण कसली?

म्हणून कार्यकर्त्यांनो, जयंतीच्या वर्गणीइतकाच वेळ शाळेला द्या. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. त्यात वंचित घटकांच्या पालकांना प्रमाणात जागा आणि एकूण निम्म्या महिला असायला हव्यात. आपल्या वस्तीतली आई तिथे आहे का, आणि असेल तर ती बोलते की नुसती सही करते, ते बघा. कलम १७ शारीरिक शिक्षेइतकाच मानसिक छळही मनाई करतं, हे तिला सांगा. बैठकीत साधे प्रश्न विचारा : बसायची जागा कोण ठरवतं? झाडलोटीची पाळी सगळ्यांना लागते का? टोपणनावानं हिणवल्याची तक्रार कुणाकडे करायची? उत्तरं इतिवृत्तात लिहून घ्या.

बाबासाहेबांनी लोकशाहीचा पाया सोबतच्या माणसाबद्दलच्या आदरात पाहिला आणि २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत बजावलं की बंधुतेशिवाय स्वातंत्र्य आणि समता टिकणार नाही. बुद्धानं तिलाच मैत्री म्हटलं. हीच आमची भावनिक बुद्धिमत्ता. ती अपमान गिळायला शिकवत नाही, अपमान करणाऱ्याचा हात थांबवायला शिकवते.

आमच्या पोरांना राग आवरायला जरूर शिकवा. पण आधी राग आणणाऱ्यांना आवरा.

जय भीम! जय संविधान!