ओसरीवरून : निर्मनुष्य रस्त्याचें मोल

आमच्या नित्याच्या वाचकांस ठाऊकच आहे कीं, मास्तरकीच्या उण्यापुऱ्या तीस वर्षांत आम्हीं सायकलखेरीज दुसरें वाहन जाणलें नाहीं. आज पुण्याच्या रस्त्यांवर मोटारींच्या गर्दींतून वाट काढतांना साठी ओलांडलेल्या मनुष्याच्या छातींत धडकी भरते. म्हणून ती सायकल हल्लीं जिन्याखालीं विसावली आहे. अशा स्थितींत गेल्या मे महिन्यांत, स्पेन देशांत वलेन्सिया येथें नोकरीनिमित्त राहणाऱ्या आमच्या पुतण्यानें आम्हांस बोलावून घेतलें, आणि एके सकाळीं म्हणाला, "काका, तुम्हांला मोकळ्या रस्त्यावर सायकल चालवायची आहे ना? चला, दोन दिवस तेरुएलकडे जाऊं." त्या दोन दिवसांची हकीकत या वेळीं सांगावयाची आहे.

तेरुएल हा आरागॉन प्रांतांतील डोंगराळ जिल्हा. तेथील हेआ नांवाच्या गांवापासून अल्बारासिनपर्यंत गुआदालाविआर नदीच्या कांठानें जाणारा रस्ता आम्हीं धरला. एका बाजूस नदी व तिच्या कांठचे उंच पॉप्लर वृक्ष, दुसऱ्या बाजूस उभे खडक. याच खडकांतून इसवी सनाच्या पहिल्या शतकांत रोमन लोकांनीं नदीचें पाणी सेया गांवीं नेण्याकरितां सुमारें 25 किलोमीटर लांबीचा कालवा खोदला होता. त्याचीं भुयारें आजही पाहावयास मिळतात. डोक्यावर गिधाडें संथपणें घिरट्या घालीत होतीं. पहिल्या तासांत मोजून सात मोटारी आल्या. आपल्याच सायकलच्या सांखळीचा आवाज आपणांस ऐकूं यावा, हें सुख आम्हीं कित्येक वर्षांत अनुभवलें नव्हतें. शेवटीं डोंगराच्या उतारावर अल्बारासिनचीं तांबूस गिलाव्याचीं घरें दिसूं लागलीं. अकराव्या शतकांत बनू रझीन या बेर्बर घराण्यानें येथें राज्य केलें. गांवाचें नांव त्यांच्यावरूनच पडलें आहे.

वाटेंत एका वळणावर लांकडांनीं भरलेली मालमोटार आमच्या मागें आली. आतां भोंगा वाजणार म्हणून आम्ही अंग चोरून बसलों. परंतु सरळ रस्ता येईपर्यंत ती मुकाट्यानें मागें राहिली, आणि मग पलीकडच्या बाजूस सरून निघून गेली. आम्हांस नवल वाटलें. पुतण्या म्हणाला, "काका, हा येथला कायदाच आहे. सायकलस्वाराला ओलांडतांना निदान दीड मीटर अंतर ठेवावें लागतें. समोरून कोणी येत नसेल, तर त्यासाठीं मधली अखंड रेघ ओलांडण्याचीही मुभा आहे." दुर्बळाला आधीं वाट देण्याची संवय असली, म्हणजे म्हाताऱ्यालाही निर्भयपणें हिंडतां येतें, हें त्या मालमोटारीनें आम्हांस शिकविलें.

दुसऱ्या दिवशीं कांहीं अंतर मोटारीनें व कांहीं सायकलीनें आम्ही फ्रीआसच्या बाजूस चढलों. चढावर विजेचें साहाय्य देणारी सायकल पुतण्यानें भाड्यानें घेतली होती, हें कबूल केलें पाहिजे. पाइन वृक्षांच्या या डोंगरांत ताहो नदी उगम पावते, आणि सुमारें 1,000 किलोमीटर वाहत जाऊन लिस्बनपाशीं अटलांटिक महासागरास मिळते. कालची गुआदालाविआर नदी याच डोंगरांतली. परंतु ती पूर्वेस वळून भूमध्य समुद्राला जाते. महाबळेश्वरीं कृष्णा आणि सावित्री यांची जशी ताटातूट होते, तसाच हा प्रकार.

परततांना एका लहानशा गांवीं कारंज्यावर पाणी पिण्यास थांबलों. बहुतेक घरांच्या खिडक्या बंद होत्या. ऊन खात बसलेल्या एका वृद्ध बाईंनीं आमची विचारपूस केली. पुतण्या दुभाष्याचें काम करीत होता. "घरीं किती माणसें?" असें त्यांनीं विचारलें. आम्हीं मोठ्या अभिमानानें सांगितलें, "लहानमोठीं अकरा." बाई क्षणभर गप्प राहिल्या, आणि म्हणाल्या, "हिवाळ्यांत आमच्या सबंध गांवांत तितकींच असतात."

आमच्यांतला मास्तर जागा झाला, आणि आम्हीं शाळेची चौकशी केली. बाईंनीं बोट दाखविलेल्या इमारतीस कुलूप होतें. मुलें थोडीं उरल्यामुळें स्पेनमध्यें 1986 सालापासून अनेक गांवांच्या मिळून एकत्र शाळा चालविण्याची पद्धत आहे. कांहीं शिक्षकच गांवोगांव फिरून शिकवितात. या गांवांत तर शिकविण्यास मूलच उरलें नव्हतें.

तेव्हां त्या रस्त्याच्या शांततेचा उलगडा झाला. तेरुएल जिल्ह्याचें क्षेत्रफळ सुमारें 14,800 चौरस किलोमीटर. 1900 सालीं तेथें सुमारें 2,50,000 लोक राहत. आज सुमारें 1,35,000 आहेत. म्हणजे चौरस किलोमीटरास नऊ माणसें! तरुण मंडळी उद्योगासाठीं बार्सिलोना, वलेन्सिया, झारागोझा येथें गेलीं, तीं परतलीं नाहींत. याविरुद्ध 1999 सालीं तेथें 'तेरुएल आहे' या अर्थाच्या नांवाची चळवळ उभी राहिली, आणि 2019 सालीं तिनें संसदेंत एक जागाही मिळविली. आम्ही आहोंत, एवढेंच सांगण्यासाठीं एका जिल्ह्यास चळवळ करावी लागावी!

जी शांतता आम्ही अमृतासारखी प्यालों, ती बंद दारांची शांतता होती. हें बाईंपाशीं आम्हीं संकोचानें बोलून दाखविलें, तेव्हां त्या हंसून म्हणाल्या, "तुम्ही येतां, तेवढेंच बरें. कोणी सायकलवाला थांबला, म्हणजे त्या दिवशीं दोन शब्द बोलायला माणूस मिळतो."

वाचकहो, ही गोष्ट सांगण्याचें कारण घरचेंच आहे. आमचें मूळ घर रत्नागिरी जिल्ह्यांत. गणपतीचे दिवस सोडले, तर त्यास बारा महिने कुलूप. 2001 सालीं जिल्ह्याची लोकसंख्या सुमारें 16,97,000 होती. 2011 सालीं ती सुमारें 16,15,000 भरली. तेरुएलच्या मानानें ही ओहोटी लहान आहे, पण ओहोटीच आहे. गिऱ्हाईक आलें होतें, आणि घर विकण्यास आम्हींच सर्वांच्या आधीं संमति दिली होती. "तेथें आतां आहे कोण?" हें वाक्य आमचेंच.

परत आल्यावर ओसरीवर सर्व मंडळी जमलीं असतां आम्हीं तें वाक्य मागें घेतलें. धाकट्या वहिनींनीं विचारलें, "भाऊजी, पण रात्रीं-अपरात्रीं दुखलें-खुपलें तर डॉक्टर कोठें?" प्रश्न रास्त आहे, आणि आमच्यापाशीं त्याचें पुरतें उत्तर नाहीं. तूर्त एवढेंच ठरलें कीं, विक्री एक वर्ष लांबवावी, आणि दिवाळीनंतर आम्हीं उभयतांनीं चार महिने तेथें राहून पाहावें. गांवची प्राथमिक शाळा अद्याप चालू आहे, आणि ती घरापासून दोन मैलांवर आहे. जिन्याखालची सायकल कालच दुरुस्तीस दिली.