तरावीह म्हणजे विसावा

रमजानचा दुसरा आठवडा उजाडला की जुन्या नाशकात ‘रोजा लग रहा है’ हे वाक्य घरोघरी ऐकू येते. सातपूर-अंबडच्या कारखान्यातला कामगार दुपारनंतर जांभया देतो, वर्गात मुले पेंगतात. दोष रोजाला दिला जातो. पण रोजा सुमारे 13 तासांचा असतो. उरलेल्या 11 तासांचा हिशेब कोणी मांडत नाही.

तो मांडायला हवा. इफ्तार, तरावीह, मग दूध बाजार-चौक मंडईतली चक्कर, घरी येऊन मोबाइल. झोपेपर्यंत एक वाजतो आणि सहरीला साडेचारला उठायचे. प्रौढ माणसाला रोज किमान 7 तास झोप लागते. ही तूट खजुराने भरून निघत नाही.

‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण दस्तरखानालाही लागू पडते. भजी, समोसे आणि गोड सरबत एकदम पोटात गेले की अंग जड होते, नमाजीत उभे राहताना डोळे मिटू लागतात. खजूर, पाणी, थोडे फळ आणि मगरिबनंतर साधे जेवण एवढे पुरते. सहरीला भाकरी, डाळ, अंडे किंवा दही असेल तर भूक उशिरा लागते. पाणी शेवटच्या पाच मिनिटांत ढोसण्यापेक्षा इफ्तारपासून थोडे थोडे प्यावे. पहिल्या दिवसांतली डोकेदुखी पुष्कळदा चुकलेल्या चहाची असते. रमजानपूर्वीच चहा कमी केलेला बरा.

‘तरावीह’ या शब्दाचा मूळ अर्थच विसावा. दर चार रकातींनंतर थोडे बसायचे, म्हणून या नमाजीला हे नाव पडले. दुपारची छोटी डुलकी, म्हणजे कैलूला, ही तर सुन्नत. त्र्यंबकेश्वरहून पंढरीला निघणाऱ्या निवृत्तिनाथांच्या पालखीलाही वाटेत विसावे असतातच. इबादत आणि विश्रांती परंपरेने एकत्र बांधली होती. आज इबादत राहिली, विसावा तेवढा गळाला.

तो सर्वांत आधी गळाला घरातल्या बाईचा. ती सहरीला सर्वांच्या आधी उठते, रात्री सर्वांच्या नंतर आडवी होते आणि रोजाही धरते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (2019-21) महाराष्ट्रात 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून अधिक महिलांमध्ये रक्तक्षय आहे. नवरात्राचे नऊ दिवस उपवास करून घरादाराचा स्वयंपाक रांधणाऱ्या शेजारणीची गोष्ट वेगळी नाही. तिच्या थकव्याला ‘सवाब मिलेगा’ एवढेच उत्तर देणे हा अन्याय आहे. हिरवी पालेभाजी, कडधान्ये, त्यावर लिंबू, आणि जेवणाला लागून चहा नको. यासोबत हिमोग्लोबिनची तपासणीही हवी.

मधुमेह असलेल्यांनी गोळ्या-इन्सुलिनच्या वेळा डॉक्टरांना विचारूनच बदलाव्यात. घाम, थरथर, भोवळ जाणवली तर साखर तपासावी. ती 70च्या खाली गेली असेल तर रोजा सोडावा. आजारी आणि प्रवासी यांना कुरआननेच सवलत दिली आहे. ती घेणे म्हणजे ईमान कमी असणे नव्हे. ईद उलटून गेली तरी थकवा टिकला, तर त्याचे कारण रोजा नाही; मग थायरॉइड, साखर, रक्त तपासून घ्यावे.

उपाय महागडे नाहीत. तरावीहनंतर थेट घर, मोबाइल बाजूला, दुपारी वीस मिनिटे डोळे मिटणे. आणि उद्याच्या सहरीला चूल पेटवायला घरातल्या पुरुषाने उठावे. तेवढाच तिलाही विसावा.