आहाराच्या टुमा आणि घरचे ताट

वजन झपाट्याने उतरविणारे नवनवे आहारपंथ सतत उदयास येत असतात. कोणी भात वर्ज्य ठरवितो, कोणी तेल-तूप. आरंभी काटा खाली येतो, हे खोटे नव्हे. परंतु पिष्टमय पदार्थ एकदम तोडले असता प्रथम उतरते ते बहुतांशी शरीरातील पाणी. नेहमीचे जेवण सुरू होताच ते परतते.

अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग या संदर्भात उद्‌बोधक आहे. वजन अधिक असलेल्या ६०९ व्यक्तींपैकी एका गटाने स्निग्ध पदार्थ कमी केले, दुसऱ्याने पिष्टमय. वर्षअखेर सरासरी घट अनुक्रमे ५.३ व ६ किलो भरली. म्हणजे लक्षणीय फरक नाहीच. साखर व मैदा टाळावा, भाज्या भरपूर खाव्यात, हा सल्ला मात्र दोन्ही गटांना समान होता.

बाजाराच्या दृष्टीने टूम हा आदर्श माल होय. ती फसली तर दोष गिऱ्हाइकाच्या मनोनिग्रहाला लागतो आणि तेच गिऱ्हाईक पुढच्या टुमेकडे वळते. भाकरी, वरण, पालेभाजी व ताक यांना असा जाहिरातदार कोठला?

याचा अर्थ घरचे ताट निर्दोष असते असा नव्हे. भाताचा ढीग, नावापुरते वरण आणि दिवसभर गोड चहा, हेही बदलावयास हवे. पण हा बदल अल्पखर्चाचा व जन्मभर पाळता येण्याजोगा आहे. मधुमेहाची औषधे चालू असता मात्र डॉक्टरांना न विचारता जेवण तोडणे धोक्याचेच.

महिन्यात किती किलो उतरतील, हा प्रश्न विक्रेत्याच्या सोयीचा आहे. दहा वर्षांनीही असेच जेवता येईल काय, हा प्रश्न जेवणाऱ्याने विचारावा.