कुलूप कुणाला? लेकीला की गुन्हेगाराला?

मांजरी २०२१मध्ये पुणे महापालिकेत आली. हडपसर, मगरपट्टा, खराडी येथील कचेऱ्यांत नोकरी करणाऱ्या सोलापूर, लातूर, नांदेडकडच्या अनेक मुली या परिसरात भाड्याच्या खोल्यांत राहतात. सणावाराला घर गाठायचे तर रात्रीची रेल्वेगाडी हाच त्यांचा आधार. भाडे परवडते आणि रजाही वाचते. तरीही ‘पोरीच्या जातीने रात्री एकटीने प्रवास करावाच कशाला?’ असा सवाल सुशिक्षित घरांतूनही ऐकू येतो. त्यामागे माया असेल. पण हा न्याय चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याचा आहे.

धोका खोटा नाही. ८ ऑक्टोबर २०२१ रोजी पुष्पक एक्स्प्रेसमध्ये इगतपुरी-कसारा दरम्यान दरोडेखोरांनी प्रवाशांना लुटले आणि एका तरुणीवर सामूहिक अत्याचार केला. डबा रिकामा नव्हता. म्हणजे उणीव सोबतीची नव्हती, गुन्हा थोपविणाऱ्या पहाऱ्याची होती. दोन दरोडेखोर हाती लागले ते प्रवाशांच्या धैर्यामुळे. या घटनेतून बोध घ्यायचा तो मुलींना घरात कोंडण्याचा की पहारा वाढविण्याचा?

कायद्याने या लेकींना वाऱ्यावर सोडलेले नाही. शयनयान डब्यांत महिलांसाठी सहा शायिकांचा राखीव कोटा आहे. तिकीट नसले तरी एकट्या स्त्रीला रात्री गाडीतून उतरवता येत नाही, असे १९८९चा रेल्वे कायदा सांगतो. १३९ हा मदत क्रमांक आहे. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेनुसार गुन्ह्याची हद्द कोणतीही असो, तक्रार नोंदवून घेणे पोलिसांवर बंधनकारक आहे. रेल्वे सुरक्षा दल केंद्राचे, लोहमार्ग पोलीस राज्याचे. परंतु या दुहेरी व्यवस्थेचा भुर्दंड पीडितेने का सोसावा?

खरी परीक्षा गाडीतून उतरल्यावर होते. मांजरी बुद्रुक स्थानक आहे ते पॅसेंजर गाड्यांचे. मध्यरात्रीनंतर पुणे स्थानकात उतरलेल्या मुलीपुढे घरापर्यंत दहा किलोमीटरहून अधिक अंधारी वाट उभी राहते. महापालिकेने हद्द वाढविली, करही लावला. मग गाड्यांच्या वेळांशी जुळणारी बस आणि रस्त्यावरचे दिवे देण्याचे दायित्व कुणाचे? तोवर उजाडेपर्यंत महिला प्रतीक्षालयात थांबणे हे शहाणपणच. मात्र मुलींच्या शहाणपणाआड प्रशासनाने आपली हलगर्जी लपवू नये.

समाजाचे काय? जिजाऊंच्या जयंतीला व्याख्याने झोडायची आणि शेजारच्या शायिकेवरील मुलीची छेड काढली जात असताना पांघरूण डोक्यावरून ओढून घ्यायचे, हा दांभिकपणा किती काळ चालणार? प्रत्येक डब्यात चार सज्जन उठून उभे राहिले, तर गुंडाचे अर्धे बळ तिथेच संपते. मांजरीच्या गणेश मंडळांनी आणि गृहसंस्थांनी रात्रीच्या बसची मागणी एकमुखाने महापालिकेच्या दारी न्यावी. लेकींच्या पायांत बेड्या घालून कोणताही समाज बलवान झालेला नाही.