पन्हळीत एक बादली पाणी

शेजारच्या अण्णांच्या गच्चीवर पत्र्याची नवी शेड उभी राहिली, तिला निळ्या रंगाची पन्हळ लागली, बांधणारा पैसे मोजून घेऊन गेला, आणि एवढ्या सगळ्यात त्या पन्हळीत बादलीभर पाणी ओतून बघायचं कुणाच्या मनात आलं नाही. गेल्या आठवड्यात रात्री पाऊस कोसळला, तेव्हा पाणी पन्हळीत न पडता तिच्या मागून उतरलं आणि अण्णांच्या जिन्याच्या भिंतीवरून थेट खाली आलं. सकाळी बघितलं तर उन्हाळ्यात दिलेला रंग फुगलेला, पापुद्रे सुटलेले, आणि जिन्याखालच्या विजेच्या मीटरच्या पेटीवर ओल. विजेच्या मीटरवर! तेव्हापासून मी चिडलेली आहे.

बन्सीलालपेठेतल्या बारवेवर लिहिलं होतं तेव्हापासून या सदराचे वाचक मला पाण्याच्या गोष्टी कळवत असतात. म्हणून आज पन्हळींबद्दल लिहिते. हैदराबादकरांना शेडचं वर्णन सांगायला नको. मलकाजगिरीपासून वनस्थलीपुरमपर्यंत गच्च्यागच्च्यांवर हे ‘रेकुलु’ चढलेत. मे महिन्यात स्लॅब तापतो, वरच्या मजल्यावर झोप येत नाही, आणि शेड घातली की खरंच फरक पडतो. कपडे वाळतात, वडे-पापड घालता येतात, घरातलं छोटं कार्यही होतं. शेडला माझा विरोध नाही. पण शेड घातली की छताचं वागणं बदलतं, हे कुणी सांगत नाही. उघड्या गच्चीवर पाणी पसरतं, रेंगाळतं, मग कठड्याच्या कोपऱ्यातल्या भोकांतून सावकाश जातं. उतरता पत्रा तेच पाणी एका झटक्यात एका कडेला आणून टाकतो. त्या कडेला पन्हळ नीट नसेल, तर ते पाणी कुणाच्या तरी भिंतीवर जाणारच.

आकडे एकदाच सांगते. अण्णांच्या शेडचं १,२०० चौरस फुटांचं छत म्हणजे सुमारे १११ चौरस मीटर. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. २४ ऑगस्ट २००० ला बेगमपेठला चोवीस तासांत २४ सेंटिमीटर पाऊस झाला होता. तेवढ्या पावसात या एका शेडवरून जवळपास २७ हजार लिटर पाणी उतरेल. उन्हाळ्यात आपण ५ हजार लिटरचा टँकर मागवतो, तसे पाच टँकर भरून वर उरेल. ऑक्टोबर २०२० मध्ये शहराच्या पूर्वेकडे काही ठिकाणी ३० सेंटिमीटरच्या वर पडला होता. राष्ट्रीय इमारत संहितेच्या कोष्टकाप्रमाणे तासाला १०० मिलिमीटरचा पाऊस धरला, तर चार इंची उभा पाइप सुमारे ४० चौरस मीटर छताचं पाणी पेलतो, अडीच इंची जेमतेम १२. म्हणजे अण्णांच्या शेडला चार इंची पाइप तीन हवे होते. लावलाय एक, अडीच इंची.

अण्णा लालागुड्याच्या रेल्वे वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. शेडचं काम झालं तेव्हा ते आणि त्यांच्या पत्नी अक्का मुलीकडे विजयवाड्याला होते, नाहीतर हे घडलंच नसतं. पावसाच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी पाण्याची लेव्हल ट्यूब काढली आणि आम्ही दोघं वर गेलो. पहिल्या नजरेला पन्हळ अगदी सरळ, देखणी. तिथंच पहिली खोट. पन्हळ सरळ असून चालत नाही, पाइपच्या तोंडाकडे तिला थोडा ढाळ लागतो, दहा फुटांना अर्धा इंच तरी. अण्णांनी ट्यूब लावली तर ढाळ होता, पण उलटा. पाइपच्या विरुद्ध टोकाला पाणी साचलेलं, त्यात कडुनिंबाची पानं कुजत पडलेली. आठवडाभर असं पाणी राहिलं की डासांची नवी पिढी तयार होते, आणि डेंग्यूचा डास असल्याच साचलेल्या पाण्यात वाढतो. अक्कांना दोन वर्षांपूर्वी डेंग्यू झाला होता. त्यांना ते पाणी दाखवलं तेव्हा त्या काही बोलल्या नाहीत, बादली आणायला खाली गेल्या.

मग एकेक दिसायला लागलं. पत्र्याची कड पन्हळीत दोनेक इंच आत यायला हवी. इथं ती पन्हळीच्या मागच्या काठावरच संपलेली, म्हणून पाणी पत्र्याच्या खालच्या बाजूला चिकटून मागं भिंतीकडे पळत होतं. पलीकडच्या कोपऱ्यात पत्रा इतका पुढे काढलेला की जोराच्या पावसात पाणी पन्हळ ओलांडून रस्त्यावर उडी मारणार. पन्हळीचा बाहेरचा काठ आतल्या काठापेक्षा किंचित खाली ठेवतात, म्हणजे तुंबलीच तर पाणी बाहेर सांडतं, भिंतीवर येत नाही. इथं आतला काठ खाली. पकडी दोन-अडीच फुटांवर हव्यात, इथं पाच-पाच फुटांवर, मधे पन्हळ झोल खाल्लेली. जोडाला वरच्या तुकड्याचं टोक खालच्याच्या आत उतरायला हवं, ते नेमकं उलट बसवून वर सिलिकॉनचा थर चोपडलेला. प्लास्टिकच्या उभ्या पाइपला तर वर-खाली घट्ट आवळून टाकलेलं. आपल्या उन्हात दहा फुटी पाइप पहाटेपासून दुपारपर्यंत पाच-सात मिलिमीटर लांबतो. त्याला सरकायला जागा दिली नाही की तो वाकतो, नाहीतर जोडातून सुटतो.

बांधणाऱ्याला अण्णांनी बोलावलं. आला, हे त्याचं चांगलंच. वर बघून म्हणाला, “फिकर नक्को करो अण्णा, पानी अपना रस्ता ढूंड लेताच.” पाणी रस्ता शोधतं हे खरं आहे. ते स्लॅबच्या भेगेतून शोधतं, विटांच्या सांध्यातून शोधतं, मीटरच्या पेटीतूनही शोधतं. मी त्याला विचारलं, “भाई, काम झाल्यावर पाणी ओतून बघितलं होतंस का?” तो गोंधळला. असं त्याला आजवर कुणी विचारलंच नव्हतं. तो वेल्डर आहे. खांब, कैच्या, पत्रे यात त्याचा हात उत्तम चालतो. वादळात ती शेड हलणार नाही. पन्हळ ही त्याच्या लेखी पत्र्याच्या कडेची शोभेची पट्टी.

माझी खरी तक्रार हीच आहे. पन्हळ हे कुठल्याच कारागिराचं काम राहिलेलं नाही. वेल्डर शेड घालतो. प्लंबर पाइप जोडतो, पण त्याचं लक्ष घरातल्या पाण्यावर. गवंड्याला बोलावतात ते भिंत ओली झाल्यावर. रंगारी ओलीवर पुट्टी भरून देतो. पत्र्यापासून मातीपर्यंत पाण्याच्या अख्ख्या वाटेवर एकाचीही नजर फिरत नाही. म्हणून कोटेशन घ्याल तेव्हा त्यावर लिहून घ्या: पन्हळीच्या वरच्या टोकाला बादलीनं पाणी ओतून दाखवणे, आणि शेवटचा हप्ता त्यानंतर. आणि पाऊस चालू असताना एकदा छत्री घेऊन घराभोवती फिरून या. कोरड्या दिवशी चांगल्या आणि वाईट पन्हळीत फरक दिसत नाही. भिंतीवर उभे तपकिरी ओघळ, विटांना लागलेला लोणा, जमिनीत पाइपच्या तोंडाशी पडलेला खळगा, यातलं काही दिसलं की वर चढून बघायची वेळ झाली.

दुरुस्तीचं बोलता बोलता अण्णा त्यांच्या महबूबनगरकडच्या गावच्या मिद्द्याबद्दल, म्हणजे मातीच्या छताच्या घराबद्दल, सांगायला लागले, आणि मला आमचं आजोळ आठवलं. परभणी जिल्ह्यातलं माळवदाचं घर. दोन्हीकडची बांधणी एकाच घाटाची: तुळया, त्यावर लाकडाची आंथरण, वर मातीचा जाड थर, सपाट छत. १९५६ पर्यंत परभणी आणि महबूबनगर एकाच हैदराबाद राज्यात होते, माणसं आणि गवंडी इकडून तिकडे जात होते, त्यामुळे याचं नवल नाही. मृगाच्या आधी मामा माळवदावर चढायचे. उगवलेलं गवत मुळासकट काढायचं, उंदरांची बिळं बुजवायची, पांढरी माती टाकून चोपायची, आणि चोपताना सगळा ढाळ पन्हळीकडे आणायचा. पन्हळ भिंतीच्या बाहेर चांगली हातभर काढलेली, पाणी भिंतीला शिवायचं नाही. शेवटी लांबच्या कोपऱ्यात कळशी ओतायची. आम्ही मुलं खाली पन्हळीसमोर उभी. पाणी आलं की ओरडायचं. कुठं अडलं तर मामा तिथं बोटानं माती सारखी करायचे आणि पुन्हा कळशी मागवायचे. सगळं पाणी खाली आल्याशिवाय ते जेवायला उतरत नसत.

अण्णांच्या वडिलांचंही असंच. फक्त त्यांच्याकडे ओरडायचं काम आजीचं होतं.

मातीच्या घरात ही काळजी घ्यावीच लागे. माळवद एका रात्रीत गळायचं, भिंत एका पावसाळ्यात खचायची, आणि घर पडलं की माणसं मरायची. सिमेंटच्या घराला वेळ लागतो. स्लॅबमध्ये मुरलेलं पाणी सळीपर्यंत पोचतं, सळी गंजते, गंजून फुगते आणि मग छताचे पोपडे खाली येतात. तोवर वर्षं गेलेली असतात, आणि ती शेड कुणी बांधली हेही आठवत नाही. दोन गावांतली न शिकलेली माणसं दरवर्षी न चुकता जी चाचणी घेत होती, ती लाखो रुपयांच्या घरात एकदाही होत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. मामांना ढाळ हा शब्द कुणी पुस्तकातून शिकवला नव्हता. आपलं पाणी आपल्या भिंतीवर नको आणि शेजाऱ्याच्याही भिंतीवर नको, म्हणून दोन घरांत पागोळ्यांपुरती जागा सोडायची, हेही गावात सगळ्यांना ठाऊक होतं. आमच्या गल्लीत आता दोन कठड्यांमध्ये हात जात नाही, आणि एकाची पन्हळ दुसऱ्याच्या खिडकीवर उघडते.

खाली आलेल्या पाण्याचं काय करायचं, यावरून आमचा प्लंबरशी वाद झाला. तो म्हणाला, अंगणातल्या ड्रेनेजच्या चेंबरला जोडून टाकू, “एम् कादु सार.” काही होत नाही म्हणे. होतं ना! पावसाचं पाणी मैल्याच्या नळीत सोडलं की ती नळी भरते, आणि गल्लीच्या खालच्या टोकाला मॅनहोलचं झाकण वर येऊन सगळी घाण तिथल्या घरांत शिरते. खालच्या टोकाला राहणारी माणसं कोण आहेत हे आम्हाला माहीत आहे, त्यांची मुलं आमच्या दारावरून शाळेत जातात. अण्णांनी एका शब्दात नको म्हटलं.

त्यांच्या अंगणात जुना इंकुडु गुंता, शोषखड्डा आहे. घर बांधताना केलेला, मग फरशी घालताना अर्धा झाकला गेलेला. रविवारी फरशीचे दोन तुकडे उचलले. खाली मोठे दगड, वर खडी, त्यावर वाळू, सगळं जागच्या जागी, फक्त वाळूवर चिखलाचा कडक थर बसलेला. तो थर खरवडून काढला, वाळू धुऊन परत भरली, आणि पाइपच्या वाटेत पानं अडवायला बारीक जाळीची छोटी टाकी ठेवली. पन्हळ उतरवून ढाळ देऊन पुन्हा टांगली, पत्र्याखाली एक पट्टी सरकवली, पकडी वाढवल्या. वेल्डरनं हे सगळं स्वतः येऊन केलं, जास्तीचे पैसे न घेता, आणि शेवटी बादली त्यानंच ओतली. चार इंची दोन पाइप आता खड्ड्यात जातात. तिसरा उत्तरेकडून उतरवायचा आहे, तिथं पलीकडच्या घराची भिंत लागून आहे. त्यांना विचारायला अण्णा आणि मी उद्या संध्याकाळी जाणार आहोत.